कडीचा लोटा

७ नोव्हेंबर १९१८, गुरुवार. निपाणी.

ताप गेल्यावर आज पहिल्यांदा परसात गेलो. आडापर्यंत. हातपाय धुतले, थोडा वेळ पायरीवर टेकलो, परत आलो. दुपारी वहिनींनी ताकभात दिला. खाल्ला. शाळा अजून बंद आहे. गल्लीतून दोन तिरड्या गेल्या. आता कुणी दाराशी येऊन बघतही नाही.

ही गेली त्याला पंधरवडा झाला. मी शुद्धीवर नव्हतो. थोरल्या आण्णांनी सगळं उरकलं. मला सांगितलं तेव्हा राखही सावडून झाली होती.

मला ठाऊक आहे ते एवढंच — घरात सगळेच पडले होते. आमचे वैद्य स्वतःच गेलेले. आण्णांनी हिला आणि आमच्या तान्ह्या शालनला गाडीत घातलं आणि वेशीबाहेर मिशनच्या दवाखान्यात नेऊन सोडलं. ही तिथेच गेली. शालन वाचली. अजून तिथेच आहे. अजून पाऊलही टाकत नाही, आणि तिथे!

हिच्या शेवटच्या दिवसांत तिथे काय झालं, ते कुणी सांगत नाही. सांगत नाहीत, की कुणालाच ठाऊक नाही?

८ नोव्हेंबर

आण्णांना म्हटलं, शालनला आणू. म्हणाले, ‘बघू.’ संध्याकाळी पुन्हा म्हटलं. ‘बघू की रं नेमू.’

९ नोव्हेंबर

वहिनींनी तांब्या दिला. पाण्यात बारीक काहीतरी वळवळत होतं. ओतून दिलं. दुसरा मागितला. वहिनींची तब्येतही अजून बरी नाही, भिंत धरून चालतात.

१० नोव्हेंबर, रविवार

आज आप्पासाहेब येऊन गेले. आमच्या जैन समाजाचे पंच, तंबाखूच्या वखारीचे मालक. समाचाराला आले होते, पण बोलायचं दुसरंच होतं.

‘मास्तर, झालं ते वाईट झालं. पण पोरीचं काय?’

म्हटलं, आणायची आहे.

‘आणा की! पन आधी बघा. त्या डंखीणबाईनं काय काय केलंय ते कळाय नगं?’

दवाखान्यातल्या मडमबाईचं नाव मिस डंकन. गावात असं नाव पाडलंय. आप्पासाहेबांच्याच वखारीत पडलेलं असणार. तंबाखू झाडणाऱ्या बाया आजारी पडल्या की हजेरी सोडून तिच्याकडे जातात, याचा त्यांना राग आहे. ते राहू दे.

पण पुढे म्हणाले ते मनातून जात नाही. ‘मरत्या माणसाच्या डोसक्यावर पानी घालायचं, दोन शब्द पुटपुटायचं, की झालं काम! मानूस नको म्हणायला शुद्धीत कुठं असतंय? आणि आई बाटली तर मांडीवरचं पोर सुटंल व्हय? तसं असंल तर पोर तिथंच राहू द्या. बस्तीत, देवापुढं, हिच्या नावानं पूजा करायची का न्हाई, ते बी बघाय लागंल.’

आण्णा खाली मान घालून सुपारी कातरत राहिले.

मी चार पुस्तकं शिकलेला. मला हे पटायला नको. पण मिशनवाले समुद्र ओलांडून येतात, घाणीत बसून परक्यांच्या जखमा धुतात — ते काय फुकट? मनात येतं. आप्पासाहेबांनी न सांगताही आलं असतं.

१२ नोव्हेंबर

स्वयंपाकघरात गेलो. वहिनी निजल्या होत्या. हिची कुठली वस्तू हाताला लागते का, बघत होतो. बांगड्यांची डबी आहे. वाचनाचं पुस्तक आहे, शेणीच्या राखेनं पुसट झालेलं. पाणी गाळायचं गाळणं खुंटीवर आहे, हिनंच किनार शिवलेलं. हात लावला. कडक. तसंच राहू दिलं.

कडीचा लोटा मात्र नाही. लहानसा, पितळेचा, बुडाला कडी. माहेरहून, चिकोडीहून आणलेला. सगळीकडे शोधला.

वहिनी उठल्यावर विचारलं. ‘आवो, तापात बी हातातनं सोडंना! गाडीत घेऊनच बसली. आता कुठला मिळतोय! पितळ हाय. मिशनवाल्यांनी ठेवून घेतला असंल.’

घेतला असणार.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळपासून मिशनची घंटा वाजते आहे. रविवार नसताना! थांबली, परत सुरू. गल्लीत माणसं जमली. कुणी म्हणालं, ‘आज कुनाला तरी बाटवलं.’

मला एकच सुचलं — शालन. दोन वेळा दारापर्यंत गेलो. परत फिरलो.

१४ नोव्हेंबर

शाळा उघडली. मामलेदार कचेरीतून निरोप — लढाई संपली, सरकारची फत्ते झाली. मुलांना साखर वाटायची. कालची घंटा त्यासाठी होती म्हणे.

मुलं निम्मी. साखर उरली.

१६ नोव्हेंबर

आज मळ्यातला गडी भरमू घरी आला. आमचा मळा मिशनच्या आवाराला लागून, उताराच्या अंगाला. मिशननं त्यांच्या आवारात विहीर काढली ती वरच्या अंगाला. वेशीबाहेरची सगळी वस्ती तिथलं पाणी भरते. आमच्या मळ्यातली विहीर खाली. झरा एकच, असं आमचे वडीलही म्हणायचे.

भरमू दारातच उकिडवा बसला.

‘मास्तर, बोलू का नगं त्येच कळंना.’

‘बोल.’

‘ती मडमबाई रोज सांजंला, दिस बुडायच्या आदी, हिरीवर येतीया. एकटीच. काय तरी दोरीनं खाली सोडतीया. लई हळू. वट हलत्यात तिचं. मग वर घेतीया आन् जातीया. मी शेवग्याच्या आडनं बगितलंय. एक दिस चुकत न्हाई.’

‘पाणी शेंदत असेल.’

‘पानी शेंदाय सोनाबाई हाय की! आन् भांडं वर येतंय ते रिकामं. जाताना भरल्यालं, येताना रिकामं. मास्तर, ती हिरीत काय तरी घालतीया!’

आण्णा आतून बाहेर आले. त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या तोंडावरचा रंग गेला. सगळ्यांनाच एक ठाऊक आहे — विहिरीत पाव टाकला, गावानं ते पाणी प्यालं, गाव बाटलं. कुठे झालं ते कुणी सांगत नाही, पण झालं हे सगळे सांगतात. आणि आमचे गडी, आण्णा, मी स्वतः — मळ्यात गेलो की त्याच झऱ्याचं पाणी पितो.

१७ नोव्हेंबर, रविवार

भरमूनं कुणाकुणाला सांगितलं कोण जाणे. सकाळीच आप्पासाहेब हजर. बरोबर बस्तीतले उपाध्ये. बिचारे उपाध्ये तापातून उठलेले, धाप लागते, ओट्यावर टेकून बसले.

आप्पासाहेब — ‘ऐकलंसा? आता तरी डोळं उघडा!’

उपाध्ये — ‘कुनी जवळनं बघितलंय का?’

‘जवळ कोन जातंय!’

‘मग जाऊन बघा की. लांबनं बघून विहीर बुजवायची व्हय?’

आप्पासाहेब माझ्याकडे वळले. ‘मास्तर, तुम्ही शिकल्यालं. तुमचंच मानूस गेलंय, तुमचंच पोर तिथं हाय. तुम्हीच बघून या. येत्या रविवारी बसू. बाटवल्यालं निघालं तर पोरीचं नाव काढायचं न्हाई, आणि मिशनवर फिर्याद करायची ते मी बघतो.’

पोरीचं नाव काढायचं न्हाई! घरात हिची एवढीच खूण उरली आहे.

मी ‘बरं’ म्हटलं. मला दुसरं काही बोलता येत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

रोज जाईन म्हणतो, जात नाही. गेलो आणि खरं निघालं तर?

आज आठवड्याचा बाजार. कापडाच्या दुकानाशी सोनाबाई दिसली. मिशनच्या दवाखान्यात काम करते, आमच्या वेशीबाहेरचीच, आता ख्रिस्ती. मला बघून लांबच थांबली, पण बोलली.

‘मास्तर, पोरगी बसाय लागली. चार दात आलंत. बाईंनी सांगितलंय, तुमी दिसला तर म्हणावं, या.’

मी मान हलवून पुढे गेलो. मागे वळून बघितलं. तिनं कोरं पांढरं कापड घेतलं. दुकानदार म्हणाला, ‘किती येळा घेतीस गं? झगं शिवतीस व्हय?’ ती म्हणाली, ‘आमच्या बाळासाठी लागतंय.’

आमच्या बाळासाठी!

ख्रिस्ती करताना पांढरं नेसवतात, असं ऐकलंय. रविवार तीन दिवसांवर. त्यांचाही रविवारच असणार.

उद्या जाणार.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

गेलो. कुणाला न सांगता, शाळेतून थेट.

दवाखान्याच्या पडवीत वखारीतल्या बाया ओळीनं निजलेल्या. खोकत होत्या. अंगाला तंबाखूचा वास, त्यावर औषधाचा. एक म्हातारी मला बघून म्हणाली, ‘कुनाला न्याया आलाईस बाबा?’ विहिरीकडे गेलो. शेवग्याच्या झाडामागे उभा राहिलो. भरमूसारखाच! शाळेतला मास्तर, आणि झाडामागे! पण हातात काय आहे ते बघितल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवलं होतं. रंगेहाथ धरायचं.

सूर्य अजून वर होता. मडमबाई आली. उंच, नाकाचं साल निघालेलं, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हातातलं भांडं मी आधी ओळखलं. हिचा लोटा! पितळ घासून लख्ख केलेलं. वहिनींचं खरं निघालं, असं मनात आलं. तोंडात शब्दही आला होता.

मग दोऱ्या दिसल्या. एक गळ्याला, एक बुडाच्या कडीला.

तिनं लोटा सोडला. सरळ. काठाला लागू दिला नाही. गुडघे टेकून, वाकून, पाण्याला टेकेपर्यंत हळूहळू सोडत राहिली. ओठ हलत होते. लोटा पाण्याला टेकल्यावर कडीची दोरी ओढली. आतलं पाणी पाण्यात अलगद मिसळलं. वरून टाकलं नाही.

जिवाणी. पाणी गाळल्यावर गाळण्यात राहतं ते, धुऊन, ज्या विहिरीचं त्या विहिरीत परत सोडायचं. बारीक जीव मरू नयेत म्हणून. माझी आई करायची. ही रोज करायची. जन्मभर हे बघितलेला मी, आणि भरमूनं सांगितलं तेव्हा ओळखलं नाही! तो बिचारा आमच्या धर्मातला नाही. पण आण्णांनी ओळखलं नाही, आप्पासाहेबांनी नाही, उपाध्यांनीही नाही. ती करते आहे म्हटल्यावर पावाशिवाय कुणालाच काही सुचलं नाही.

मला खोकला आला. ती वळली. दचकली नाही.

‘आपण पद्मावतीचे पती.’

हिचं नाव मी कधी मोठ्यानं घेतलं नाही. एका परक्या बाईच्या तोंडून ऐकलं. विहिरीच्या कठड्यावर बसलो.

घरून पाठ करून आणलेला प्रश्न विचारला. ‘तिच्या डोक्यावर पाणी घातलंत का?’

‘नाही.’

‘खरं?’

‘मी तिला प्रभूविषयी रोज सांगत होते. ते मी लपवणार नाही. दोन वेळा विचारलंही. तिने नको म्हटले. नको म्हटलेल्या माणसाला मी बाप्तिस्मा देत नाही.’ तिचं मराठी पुस्तकातल्यासारखं आहे, एकेक शब्द वेचून ठेवल्यासारखं.

‘मग हे?’ मी लोट्याकडे बोट केलं.

ती काही बोलायच्या आत सोनाबाई मागून आली. कडेवर शालन.

‘तिनं आन घातली, मास्तर! तापात समदं कानडीत बोलायची, बाईस्नी कळंना. मी सांगितलं. म्हनली, जात राहू दे, तुमच्या हिरीचं पानी बी पिते. पन गाळून द्या. जिवानी ह्येच्यातनं सोडा. बाईंचा हात धरून हितं कठड्यापतुर आली, कसं सोडायचं ते दावाय! तिला उबं ऱ्हावत न्हवतं.’

‘मला आधी जमले नाही,’ मडमबाई म्हणाली. ‘लोटा दोन वेळा वरच कलंडला. ती रागावली.’

हिचं रागावणं मी ऐकलं! शेवटच्या दिवसांतलं हिचं एवढं तरी मला मिळालं.

विचारलं, ‘ती गेल्यावरही रोज कशाला?’

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. सोनाबाई म्हणाली, ‘सांगू का, बाई?’ मग मान वळवून बोलली. ‘तिला सोताचं काय न्हवतं, मास्तर. म्हनली, माझं काय, मी चालले. पन पोरीचं पानी गाळल्याबिगर देऊ नगासा. न्हायतर माझी मानसं तिला घरात घेनार न्हाईत.’

माझी माणसं. म्हणजे मी.

मग मडमबाई म्हणाली, ‘मला हे पटत नाही. पाणी आम्ही उकळतोच. पण शब्द दिला होता.’

‘ओठ हलतात तुमचे.’

तिचा चेहरा लाल झाला. ‘ती माझी प्रार्थना. तिचा मंत्र मला म्हणता येणार नाही, हे मी तिला सांगितले होते. ती म्हणाली, लोटा सरळ सोडा म्हणजे झाले.’

पडवीतून आत गेलो तर पाण्याचा घडा होता. तोंडावर कोरं पांढरं कापड, दुहेरी घडी. बाजारातलं तेच. मी बघत होतो ते बघून सोनाबाई म्हणाली, ‘पयलं इरलं. कापड इरलं की जीव खाली जात्यात म्हनली हुती, म्हनून नवं.’

शालननं मला ओळखलं नाही. सोनाबाईच्या पदरात तोंड घातलं. मी हात पुढे केले तर ओरडली. ‘आता गं! बाप हाय त्यो तुजा, वाघ न्हवं!’ आणि मला, ‘रडली तर कानडी गानं म्हना. तुमची मराठी तिला चालत न्हाई.’ हसली आणि पदरानं डोळे पुसले.

रविवारची वाट बघितली नाही. शालनला तिथूनच घेतलं.

मडमबाईनं दोऱ्या गुंडाळून लोटा दिला. ‘कडी सैल झाली होती. कासाराकडून बसवून घेतली आहे. तरी पाहात जा.’

मला आभार मानायचे होते. ‘बरं’ म्हटलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

शुक्रवारपासून वहिनी शालनला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. ‘पंच काय म्हनत्यात ते बघू, मग.’ ती सोप्यात माझ्याजवळ असते.

आज सगळे बसले. आप्पासाहेबांनी सुरुवात केली.

‘पोर पानी कुठलं प्याली?’

‘मिशनच्या विहिरीचं.’

‘झालं!’

‘गाळून.’

‘कुनी गाळलं?’

‘मडमबाईंनी.’

आप्पासाहेब मांडीवर थाप मारून हसले. आतून वहिनीही हसल्या. ‘मडमबाई पानी गाळतीया! मग आमी काय करतो?’

मी लोटा मधे ठेवला. विहिरीवर बघितलं ते सांगितलं. हिनं शालनविषयी म्हटलेलंही सांगितलं. एवढं मी कधी चार माणसांत बोललो नाही.

आण्णांनी लोटा उचलला, उलटा केला, कडी हलवून बघितली. ‘मी तिला सोडून आलतो,’ म्हणाले, ‘ती हुती तवर पुन्यांदा बघाय गेलो न्हाय.’ आणि शालनला उचलून मांडीवर घेतलं. ती रडली. घट्ट धरली.

आप्पासाहेब सहजी सोडणारे नव्हेत. ‘आणि विहिरीचं काय? झरा एक हाय न्हवं?’

उपाध्ये धाप टाकत म्हणाले, ‘आप्पासाब, जिवाणीनं विहीर बाटती व्हय? देवाच्या अभिषेकाचं गंधोदक लावा पोरीच्या कपाळाला आणि घ्या आत. हिच्या नावची पूजा मी उद्याच करतो.’

आप्पासाहेब पान न खाताच गेले.

ओठ काय म्हणत होते ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही.

२५ नोव्हेंबर

पहाटे शालनसाठी पाणी घ्यायला म्हणून गाळणं खुंटीवरून काढलं. घडी उलगडेना. वाळून पुठ्ठ्यासारखं, घड्यांत धूळ, एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. ही गाडीत बसून गेली तेव्हापासून त्याला पाणी लागलेलं नाही. एवढे दिवस या घरात सगळे न गाळलेलं पाणी पितो आहोत. मीही. तांब्यात वळवळताना बघितलं, आणि दुसरा तांब्या मागितला.

कुणाला उठवलं नाही. गाळणं धुतलं. आडाचं पाणी काढलं, गाळलं, जिवाणी लोट्यात घेतली. कडीची दोरी केव्हा ओढायची ते घरात कुणी मला कधी शिकवलं नव्हतं. मडमबाईंनी ओढली तशी, लोटा पाण्याला टेकल्यावर ओढली. लोटा हलका झाला. वर घेतला, पुसून ठेवला.

गाळणं वळचणीला वाळत घातलं.